बार्बोराच्या माहेरचा वेल

बार्बोरा लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा तिच्या गाडीत एक पेटी होती, दोन उशा होत्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं कसलंसं मूळ होतं. सासूनं गोणपाट उलगडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पोरीला द्यायला दुसरं काही मिळालं नाही का हो विहीणबाईंना? आमच्या अंगणात काय हॉप उगवत नाही?" बार्बोरा खाली मान घालून उभी राहिली. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच उठली आणि गोठ्याच्या उन्हाच्या बाजूला खड्डा काढून तिनं ते मूळ लावलं. आईनं बजावलं होतं, आधी हे लाव, मग चूल पेटव.

आईचं नाव आगोता. ती म्हणायची, हॉपच्या वेलात, ज्याची कडवट बोंडं बिअरीत घालतात त्यात, बाईमाणूस आणि बाप्या वेगवेगळे असतात. बोंडं धरते ती बाई. बाप्या नुसते तुरे काढतो, धूळ उडवतो आणि मोकळा होतो. ती धूळ बोंडांवर बसली की आत बी धरतं आणि बिअर पार बिघडते, म्हणून बाप्या दिसला की कापायचा. वसंतात जमिनीतून वर आलेले कोंब मात्र सगळे सारखेच. तेव्हा मूळ घ्यायचं ते हिवाळ्याच्या तोंडावर, अंगावर बोंडं असताना. नाहीतर घरात कोण येऊन बसेल सांगता येत नाही.

आता हे सगळं आमच्या बिर्झाईकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आगोताचा वेल होताच तसा. देठावर तांबूस रेघ, बोंडं बोटभर लांब, आणि बोटांत चुरडलं की पिवळी पूड निघायची, तिचा वास दुसऱ्या दिवशीसुद्धा हाताला. बार्बोराचा नवरा स्तेपोनास बिअर करायचा. लग्न असो, बारसं असो, मयत असो, गावाला बिअर त्याचीच. लोक म्हणायचे, काय हात आहे गड्याचा! कुणी पाण्याला श्रेय द्यायचं, कुणी जवाला. हॉपचं नाव कुणी काढत नसे. पण बोंडं उकळायच्या आधी स्तेपोनास दरवर्षी ओंजळभर बायकोच्या नाकासमोर धरायचा आणि विचारायचा, "काय गं, घालू?" ती हो म्हणेपर्यंत घालायचा नाही. बार्बोराला तेवढं पुरायचं.

कुंपणापलीकडे उर्शुला. दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून आलेल्या. एकमेकींच्या गाई पिळायच्या, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवायच्या. वेल पहिल्यांदा गोठ्याच्या छपराला टेकला त्या दिवशी बार्बोरा त्याच्याखाली बसून आईच्या आठवणीनं ढसाढसा रडली होती, तेव्हा तिच्या पाठीवर हात उर्शुलाचाच होता.

पण हॉपची जात भारी आगाऊ. वरून जेवढा चढतो तेवढाच खालून पळतो. कुंपणाखालून त्याची मुळं गेली ती थेट उर्शुलाच्या कोबीच्या वाफ्यात. एका वसंतात अख्खा वाफा हॉपनं गिळला. उर्शुला आधीच वैतागलेली, नवरा पिऊन पडलेला, पोरगं तापानं फणफणलेलं. तिनं कोंब उपटून कुंपणावरून भिरकावले आणि बोलून गेली, "तुझ्या आईनं मूळ दिलंय की शाप?"

आगोताला जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

बार्बोरा सगळा उन्हाळा तिच्याशी बोलली नाही. मग शरदात स्तेपोनासनं पिंप फोडलं. आमच्याकडे बिअरला लाकडी पेला एकच असतो. ज्याच्या हातात पेला, त्यानं प्यायचं आणि पुढच्याचं नाव घ्यायचं. "योनास, तुझ्या नावानं!" म्हटलं की पेला भरून योनासकडे. नाव घेतल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही, मग तुम्ही कितीही मोठे असा. बायकांमध्ये पेला आला तो बार्बोराच्या हाती. उर्शुला शेजारीच बसली होती, हात पुढे करायच्या बेतात. बार्बोरानं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या पलीकडे बसलेल्या बाईचं नाव घेतलं. त्या बाईनं पुढच्या बाईचं. सगळ्या समजल्या काय ते. उर्शुला थोडा वेळ कोरड्या ओठांनी बसली, मग गाईचं निमित्त करून उठून गेली. परत कधी त्या अंगणात आली नाही.

तेव्हापासून दोघींमध्ये वर्षातून एकदाच बोलणं. वसंतात कोंब वर आले की उर्शुला ते उपटून कुंपणावरून टाकायची आणि ओरडायची, "घे तुझं माहेर!" बार्बोरा कोंब मुकाट्यानं गोळा करून लोण्यात परतायची आणि स्तेपोनासच्या ताटात वाढायची. तो खात खात म्हणायचा, "बिचारी निवडून तरी देते हो दरवर्षी." त्यावर बार्बोरा अशी काही बघायची की त्याला ठसका लागायचा.

अशीच तीस वर्षं उलटली. मागच्या ऑक्टोबरात स्तेपोनास गेला. जायच्या आधी अंथरुणावर पडून त्यानं बायकोला एकच गोष्ट सांगितली. "माझ्या वर्षाच्या प्रार्थनेला आपली बिअर कर. तुझ्या हॉपची. दुकानची बाटली माझ्या नावानं फोडलीस ना, तर उठून येईन, सांगून ठेवतो." ती म्हणाली, "मग तर फोडतेच." दोघं हसली. चार दिवसांनी तो गेला.

हिवाळ्याआधी धाकटा दीर अल्फोन्सास मदतीला आला. वहिनी एकटी, बाहेरून पाणी किती दिवस ओढणार, म्हणून त्यानं घरात नळ घ्यायचं ठरवलं. खोदायचं यंत्र आणलं, एका सकाळी गोठ्याच्या भिंतीलगत चर मारला, निघालेली माती गाडीत भरून खालच्या रस्त्याच्या खड्ड्यांत नेऊन टाकली. माणूस भला, काम चोख. बार्बोरा त्या दिवसांत खिडकीत बसून असायची पण बाहेर काय चाललंय ते डोळ्यांत शिरत नसे. मार्चमध्ये बर्फ वितळलं, ती सवयीनं गोठ्याच्या भिंतीशी गेली आणि उभी राहिली. तिथं सपाट चिखल होता. वेलाचं बूड, दोन माणसांच्या कवेत न मावणारं, पाइपाच्या वाटेत आलं होतं आणि गेलं होतं.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

अल्फोन्सासला कळलं तेव्हा त्याचं तोंड इवलंसं झालं. तालुक्याच्या गावी जाऊन त्यानं हॉपचं पाकीट आणलं, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या. "वहिनी, हे बघा, हल्ली सगळे हेच वापरतात. बिअरही मी करतो. तुम्ही बसून राहा, बाईमाणसानं कुठं एवढी पिंपं ओढायची?" बार्बोरानं एक गोळी चुरडून वास घेतला. "भाऊजी, हे गाईला घाला. आणि पिंपांचं मी बघते. तुमचे भाऊ पिंपं ओढत होते, पण कधी थांबायचं ते कोण सांगत होतं?"

बोलली खरी, पण हॉप आणणार कुठून? कुंपणापलीकडचे कोंब मागायचे तर उर्शुलापुढे तोंड उघडावं लागणार, ते होणे नव्हतं. नदीकाठच्या झाडीत एक पडकं घर होतं, तिथं हॉप रानोमाळ माजलेला. काही नाही तर तो तरी आपल्या मातीतला. एप्रिलमध्ये ती कुदळ घेऊन गेली आणि चांगलं जाडजूड मूळ शोधून, खणून, ढकलगाडीवर घालून घरी आणलं. आईचं बोलणं तिला आठवत नव्हतं असं नाही. वाटेत दोनदा आठवलं. पण बोंडं येईपर्यंत थांबायचं म्हणजे वर्ष सरणार, आणि तेवढा वेळ होता कुणाजवळ? तिनं मूळ लावलं, दोर बांधले, रोज पाणी घातलं. वेल असा झपाझप चढला की तिची भीड चेपली. सकाळी चहाचा पेला घेऊन त्याच्यापाशी उभी राहायची आणि त्याला म्हणायची, "चढ बाबा, चढ. शरदापर्यंत पोचव मला."

बाबाच निघाला तो. जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी तिला पानांच्या बेचक्यांत बारीक बारीक लोंबते तुरे दिसले. तिनं डोळे चोळले, चष्मा आणला, परत पाहिलं. साठ वर्षं हॉपमध्ये गेलेली बाई, आणि स्वतःच्या हातानं भिंतीवर बाप्या चढवून बसली! गावात कळलं असतं तर लोकांनी हसून हसून पोट धरलं असतं. पण तिला हसण्याचं काही नव्हतं. तिला स्तेपोनासचं ते एकच मागणं दिसत होतं आणि आता ते आपल्याकडून होत नाही, एवढंच कळत होतं. ती पायरीवर बसली आणि डोक्याचा रुमाल सोडून त्यात तोंड खुपसलं.

"बार्बे! ए बार्बे!"

आवाज कुंपणापलीकडून. वसंत तर केव्हाच संपला होता.

"दिसतंय का काही, की डोळे गेले तुझे? भिंतीवर बाप्या चढलाय! आज ना उद्या धूळ सोडेल. काप तो आत्ताच्या आत्ता!"

बार्बोरा ताडकन उठली. रडू होतं त्याचा राग झाला. "माझ्या भिंतीवर कोण चढतं ते मी बघीन! त्याच्या धुळीनं तुझ्या कोबीचं काय वाकडं होणार आहे?"

उर्शुलाचा आवाज एकदम खाली आला. ती म्हणाली, "कोबीचं नाही होत. ये इकडं. फाटकातून ये, कुंपण चढू नकोस, मोडशील हाडं."

उर्शुलाचा गोठा अंगणाच्या टोकाला. त्याची मागची भिंत रस्त्यावरून दिसत नाही आणि बार्बोराच्या घरातून तर मुळीच नाही. त्या भिंतीवर जमिनीपासून छपरापर्यंत हॉप. नीट दोर लावलेले, खालची पानं काढलेली, बुडाशी शेणखत. बार्बोरानं एक वेल हातात धरला. देठावर तांबूस रेघ होती.

उर्शुला बोलतच सुटली, तिला घाबरली की तसंच होतं. "कोबीतले सगळे उपटले, कुंपणावरून टाकले, तुला माहितीच आहे. हे इथपर्यंत पळत आलेले तीन राहिले. म्हटलं पुढच्या वर्षी काढू. मग माझं पोरगं, वितौतास, आयर्लंडला गेलं. जेवायला बसलं की त्याची खुर्ची, झोपायला गेलं की त्याची खोली. डोळ्याला डोळा लागेना. कुणीतरी म्हणालं, उशीत हॉप भर. भरला. पहिल्या रात्री अशी झोपले की गाय हंबरून हंबरून थकली. तेव्हापासून दरवर्षी उशी भरते. चोरून झोपते तुझ्या माहेरावर, झालं समाधान?"

"तोंडावर कोंब फेकायचीस माझ्या," बार्बोरा म्हणाली, "आणि इथं शेणखत घालायचीस?"

"मग काय सांगायला येऊ? कुठल्या तोंडानं?"

बार्बोरा बोलणार होती बरंच काही. तीस वर्षांचं साठलेलं होतं. पण तिचं नाक त्या पानांत होतं, आणि तो वास आत गेला तसं सगळं साठलेलं कुठल्या कुठे गेलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "उर्शुले, देवानंच तुला लबाड केलं असणार. सरळ असतीस तर सगळे उपटून टाकले असतेस." उर्शुलानं नाक ओढलं. "रडायचं नंतर. आधी तो बाप्या उतरव. वारा तिकडूनच येतो."

मग अख्ख्या गावानं पाहिलं की उर्शुला बार्बोराच्या अंगणात शिडी धरून उभी आहे आणि बार्बोरा वर चढून विळ्यानं वेल तोडते आहे. खालून उर्शुलाची टकळी चालूच. "बघून घे नीट, तुरा राहिला डावीकडे! जन्मात एक बाप्या स्वतः निवडून आणलास आणि तोही असला!" वरून बार्बोरा म्हणाली, "तू निवडलेला तरी कुठे मोठा गुणाचा होता?" यावर दोघी अशा हसल्या की शिडी हलली.

ऑगस्टच्या शेवटी बोंडं पिकली. कानाशी धरून दाबली की कागदासारखी वाजू लागली. दोघी गोठ्यामागं बसून टोपल्यांत खुडायच्या, बोटं डिंकानं काळी व्हायची. सुकून बोंडं हाती आली तेव्हा बार्बोरानं ओंजळी मोजून पाहिल्या. पिंपापुरत्याच होत्या. तिनं दोन ओंजळी बाजूला काढल्या. उर्शुलानं त्या परत टोपलीत ओतल्या.

"आणि तुझी उशी?"

"गेल्या वर्षीचीच चालेल. वास गेलाय, पण सवय आहे."

"झोप नाही यायची तुला."

"नाही आली तर तुझ्या खिडकीवर टकटक करीन. दोघी जाग्या राहू. त्याच्या बिअरीत काटकसर नको गं."

बार्बोरानं तिचा तो काळा चिकट हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कसे आभार मानायचे असतात या बाईचे, तिला समजेना. नुसतं धन्यवाद म्हटलं असतं तर उर्शुलानं टोपली डोक्यात घातली असती.

बिअर बार्बोरानंच केली. मोड आणून वाळवलेले जव भरडले, गरम पाण्यात भिजवले, पिंपात गव्हाच्या काडाचा थर देऊन गोड रस गाळला. बोंडं वेगळ्या पातेल्यात उकळली. त्याआधी ओंजळ उर्शुलाच्या नाकासमोर धरून विचारलं, "काय गं, घालू?" उर्शुला म्हणाली, "मला काय विचारतेस?" मग वास घेऊन म्हणाली, "घाल."

राहता राहिलं विरजण, म्हणजे बिअर आंबवणारं यीस्ट, घालायचं. स्तेपोनासचा एक वेडा नेम होता. विरजण घालताना पिंपाशी कुणीतरी भांडलं पाहिजे, गप्प घरात बिअर फुगत नाही म्हणायचा. इतकी वर्षं तो आणि बार्बोरा त्या वेळी दात-ओठ खाऊन भांडायचे, बहुतेक त्याच्या बुटांवरून. आता बार्बोरा विरजणाचं भांडं हातात घेऊन उभी राहिली आणि तिला भांडायला कुणी नव्हतं.

"ओत तू," उर्शुला म्हणाली आणि कंबरेवर हात ठेवले. "तुझ्या कोंबड्या माझा शेपू खातात! तुझा कुत्रा मरेपर्यंत माझ्यावर भुंकत राहिला! तुझ्या दिरानं रस्त्यात असली माती टाकली की माझी सायकल रुतली! आणि तुझ्या त्या हॉपनं माझा अख्खा वाफा गिळला, तेव्हा मी म्हटलं, तुझ्या आईनं..."

ती थांबली. तिचे हात कंबरेवरून खाली आले.

"ते बोलायला नको होतं मी, बार्बे. बाकी सगळं परत बोलेन. ते एक नको होतं."

"आणि मी पेला द्यायला हवा होता," बार्बोरा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि विरजण थेंबथेंब पिंपात पडत होतं. "अगं थांबू नकोस, भांड! बिअर बसेल खाली!"

"तुझी गाजरं वाकडी असतात!" उर्शुला रडत रडत ओरडली.

बिअर फुगली. झाकण उचललं जाईल एवढी फुगली.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी प्रार्थना आटोपून सगळं गाव बार्बोराच्या अंगणात आलं. उकडलेले वाटाणे, शहाजिऱ्याचं चीज, राईची भाकरी, सगळं मांडलं होतं. गोठ्याच्या भिंतीशी नव्यानं उकरलेली माती होती. आदल्या आठवड्यात उर्शुलानं तिथं मूळ आणून लावलं होतं, गोणपाटातूनच, आणि त्याच्यावर बोंडांचा एक सुका झुबका मुद्दाम ठेवला होता. "नीट बघून घे हं, बाईच आहे," असं बजावून.

अल्फोन्सासनं पिंपाची खुंटी काढली, पेला भरला आणि सवयीनं तोंडाकडे नेला. बार्बोरानं हात पुढे केला. "भाऊजी, ज्यानं केली त्यानं आधी." त्यानं पेला दिला. तिनं घोट घेतला, तोंडात धरला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"त्याचीच आहे," ती म्हणाली.

आता नाव घ्यायचं होतं. मोठ्या दिवशी पहिलं नाव घरातल्या पुरुषाचं असतं, म्हणून अल्फोन्सासनं कोट नीट केला. बार्बोरानं पेला काठोकाठ भरून घेतला.

"उर्शुला, तुझ्या नावानं!"

कुंपणाजवळ मागच्या बाकावर बसलेली उर्शुला उठली. चालत पुढे आली, दोन्ही हातांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. पेला पुन्हा भरला. ती जमलेल्या माणसांकडे बघत उभी राहिली. मग वळून भिंतीशी गेली.

"आगोता, तुझ्या नावानं," असं म्हणून तिनं सगळी बिअर नव्या मुळाशी ओतली.

"कोण आगोता?" अल्फोन्सासनं विचारलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. आमच्या गावात त्या बाईला कुणी पाहिलं नव्हतं.

"हिची आई," उर्शुला म्हणाली. "स्तेपोनासच्या बिअरीला चव तिची होती. चाळीस वर्षं पिता आहात, नाव तरी माहीत असू द्या."

बार्बोराच्या आईचं नाव या अंगणात दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालेलं तिनं आजवर ऐकलं नव्हतं. नव्या नवरीपणी एकदा वेलाखाली रडताना तिनं ते सांगितलं होतं, आणि मधली सगळी भांडणं पार करून ते या बाईनं सांभाळून ठेवलं होतं. बार्बोरा तिथंच मोठ्यानं रडली, लाजली नाही.

मेलेल्याच्या नावानं पेला ओतला की ओतणाऱ्यानंच परत प्यायचं, असा आमच्याकडे नेम. उर्शुला दुसरा पेला प्यायली, ओठ पुसले आणि पुन्हा भरून घेतला.

"स्तेपोनास, तुझ्या नावानं!" तिनं तोही मुळाशी ओतला आणि तिसऱ्यांदा पेला पुढे केला.

"अहो उर्शुलावहिनी," अल्फोन्सास कळवळून म्हणाला, "आता जरा जिवंतांचं बघा की!"

अंगणभर हशा पिकला. उर्शुलानं सावकाश तिसरा पेला संपवला, मग अल्फोन्सासचं नाव घेतलं आणि बार्बोराच्या शेजारी येऊन बसली. बार्बोरानं वाटाण्यांची थाळी तिच्याकडे सरकवली.